तार निघाली म्हणजे उपचार संपले नाहीत! मुलांचे सरळ झालेले दात तसेच टिकावेत यासाठी पालकांनी काय करावं?

दीड-दोन वर्षं दर महिन्याला तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी फेरी. एसटीचं भाडं, बुडालेला रोज, डॉक्टरांची फी आणि शाळेची सुट्टी. एवढं सगळं करून शेवटी एक दिवस तार निघते. मूल आरशात बघून मोकळं हसतं आणि घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे.

त्याच दिवशी डॉक्टर हातात एक प्लेट देतात आणि सांगतात, 'ही रोज घालायची.' पहिले दोन-तीन महिने ती घातली जाते. मग परीक्षा येते, लग्नसराई येते, मामाच्या गावाला जाणं होतं आणि प्लेट कपाटात पडते. वर्षभरानं कुणाच्या तरी लक्षात येतं की समोरचा एक दात पुन्हा तिरका झाला आहे. प्लेट घालून बघितली तर ती बसतच नाही.

अशा वेळी 'डॉक्टरनं नीट केलं नाही' असं म्हटलं जातं. पण बहुतेक वेळा चूक वेगळ्याच ठिकाणी झालेली असते. दात सरळ करणं हे निम्मं काम आहे आणि ते दवाखान्यात होतं. दात जागेवर धरून ठेवणं हे उरलेलं निम्मं काम, आणि ते घरातच करावं लागतं. ते कसं करायचं याची ही सविस्तर माहिती.

सरळ झालेले दात पुन्हा का फिरतात?

दात हाडात सिमेंटसारखा घट्ट रोवलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ थर असतो. तार दाताला हलका पण सतत दाब देते. ज्या बाजूला दाब पडतो त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड तयार होतं. अशा रीतीनं दात सरकतो.

तार काढली जाते तेव्हा हे नवीन हाड अजून कच्चं असतं. हिरडीतले ताणले गेलेले तंतूही रबरासारखे दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात. हाड पक्कं व्हायला काही महिने लागतात आणि हिरडीतल्या तंतूंना नव्या जागेची सवय व्हायला वर्षभरही लागू शकतं. शेतात नवा खांब रोवला की आजूबाजूची माती दबून बसेपर्यंत आपण त्याला टेकू देतो. तार काढल्यावर मिळणारी प्लेट, म्हणजे रिटेनर, हा दातांचा तसाच टेकू आहे.

काही दात इतरांपेक्षा जास्त लवकर मागे फिरतात:

- जे दात स्वतःभोवती वळलेले होते आणि सरळ केले
- वरच्या दोन पुढच्या दातांमधली मोठी फट, जी बंद केली
- खालचे पुढचे दात, जे दाटीवाटीनं उगवले होते

यात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांनी आयुष्यात कधी तार लावली नाही, त्यांचेही खालचे पुढचे दात वय वाढेल तसे थोडे थोडे दाटतात. म्हणजे दातांचं सरकणं हा शरीराचा स्वभावच आहे. मुलांच्या बाबतीत तर जबडाही वाढत असतो. म्हणून 'एकदा सरळ केले की कायमचे सरळ' असं कोणताही डॉक्टर खात्रीनं सांगू शकत नाही.

तयारी तार लावण्याआधीच सुरू होते

*वेळेवर दाखवा.* साधारण ७ वर्षांच्या वयात एकदा दातांची आणि जबड्याची ठेवण डॉक्टरांकडून बघून घ्यावी. या वयात दाखवलं म्हणजे लगेच तार लागते असं नाही. बहुतेक मुलांना डॉक्टर 'अजून थांबू, सहा महिन्यांनी दाखवा' असंच सांगतात. मात्र खालचा जबडा पुढे येत असेल किंवा फार मागे असेल, तर त्यावरचे काही उपचार मूल वाढीला लागलेलं असतानाच होतात. मुलींची ही वाढ मुलांच्या आधी होते. 'लग्न जमवायच्या वेळी बघू' म्हणून थांबलं, तर दात तेव्हाही सरळ करता येतात, पण जबड्याची वाढ वळवण्याची वेळ निघून गेलेली असते. मग काही जणांना थेट शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा लागतो.

*दुधाचे दात जपा.* 'पडणारच आहेत, मग कशाला खर्च' असं म्हणून किडलेली दुधाची दाढ काढून टाकली जाते. पण दुधाची दाढ ही खाली येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवते. ती वेळेआधी गेली की बाजूची दाढ त्या जागेत कलते आणि नवीन दाताला बाहेर यायला जागा उरत नाही. दाढ काढावीच लागली, तर जागा राखणारी छोटी तार बसवायची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

*डॉक्टर कोण, ते विचारा.* दातांचे डॉक्टर बीडीएस असतात. त्यापुढे वाकडे दात आणि जबड्याच्या ठेवणीचा तीन वर्षांचा वेगळा अभ्यास करून एमडीएस झालेले डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. तालुक्याच्या दवाखान्यात असे डॉक्टर महिन्यातून ठरावीक दिवशीच येतात. ते कोणत्या दिवशी येतात आणि मध्येच काही तुटलं तर कोण बघणार, हे आधीच विचारून घ्या.

*खर्चाचं सगळं आधी बोला.* खर्च ठरवताना पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत:

- या रकमेत रिटेनर धरला आहे का?
- रिटेनर हरवला किंवा तुटला तर नवीन कितीला पडेल?
- तार काढल्यानंतर किती वेळा तपासणीला यावं लागेल आणि त्याची फी वेगळी आहे का?
- पैसे हप्त्यानं देता येतील का?

पैसे संपले म्हणून उपचार अर्धवट सोडणं हे सर्वांत वाईट. अर्धवट सरकलेले दात कुठेही फिरतात आणि कधी कधी आधीपेक्षा जास्त त्रास देतात. हात आखडता असेल तर शासकीय दंत महाविद्यालयाचा पर्याय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं अशी महाविद्यालयं आहेत. इतर अनेक शहरांतल्या खासगी दंत महाविद्यालयांतही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा कमी दरात उपचार होतात. तिथं रांग आणि फेऱ्या जास्त असतात, पण उपचार एमडीएस प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतात.

शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम सुरू आहे आणि तो १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मुलाचे दात किडलेले असतील किंवा ओठ-टाळू दुभंगलेली असेल, तर पथकातल्या डॉक्टरांना जरूर दाखवा आणि पुढची चिठ्ठी मागून घ्या.

तार असताना: दात सरळ होतील, पण किडायला नकोत

तार निघाल्यावर दात सरळ दिसतात, पण त्यांच्यावर चौकोनी पांढरे डाग राहिलेले असतात. असं अनेक मुलांच्या बाबतीत होतं. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला छोटा ठोकळा. त्याच्या भोवती अन्न साचून दाताचा वरचा थर झिजतो आणि हे डाग पडतात. ही किडीची पहिली पायरी असते. घासण्यात हयगय झाली तर महिनाभरातही असे डाग दिसू लागतात आणि मग ते पूर्ण जात नाहीत.

- दिवसातून किमान दोनदा ब्रश करा. रात्री झोपण्याआधीचा ब्रश कधीच चुकवू नका.
- ब्रॅकेटच्या वरून आणि खालून, तिरका ब्रश धरून घासा. तारेखालून जाणारा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो.
- जेवल्यावर ब्रश शक्य नसेल तर निदान जोरात चूळ भरा. शाळेत डबा खाल्ल्यावरही.
- पाकिटावर फ्लोराइड लिहिलेली पेस्ट वापरा. वाटाण्याएवढी पुरते. ती गिळायची नाही.
- राखुंडी, कोळशाची पूड, मीठ किंवा विटकरीची भुकटी लावून घासू नका. दाताचा थर झिजतो. मिश्री तर अजिबात नको. त्यात तंबाखू असते आणि घरातल्या मोठ्यांचं बघून मुलं ती लावायला शिकतात.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर आधीपासूनच पांढरे-तपकिरी पट्टे असतात. अशा गावातलं मूल असेल तर डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगा. अशा दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही, वरचेवर निघतं. पेस्ट कोणती वापरायची तेही त्यांनाच विचारा.

*खाण्यापिण्यात काय सांभाळायचं?*

एक ब्रॅकेट निघालं की तो दात सरकायचा थांबतो किंवा चुकीच्या दिशेनं जातो. चार-पाच वेळा ब्रॅकेट तुटलं की उपचार काही महिन्यांनी लांबतात.

- *टाळायचं:* दातानं सोलून ऊस खाणं, चिक्की, कडक तिळाची वडी, फुटाणे, अख्खे शेंगदाणे, बर्फाचे तुकडे, चॉकलेट, च्युइंगगम, हाडं चावणं.
- *बदल करून चालेल:* पेरू, सफरचंद, गाजर, काकडी बारीक फोडी करून. मक्याचे दाणे कणसावरून काढून. भाकरीचा कडक काठ बाजूला काढून किंवा भाकरी आमटीत, दुधात कुस्करून. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीत अख्ख्या शेंगदाण्याऐवजी बारीक कूट.
- *गोड पेय:* उसाचा रस, कोल्ड्रिंक, सरबत रोज नको. प्यायल्यावर लगेच चूळ भरा.

तार घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दात दुखतात. तेवढे दिवस वरण-भात, मऊ खिचडी, पिठलं, उपमा असं द्या. दुखणं जास्त असेल तर कोणती गोळी द्यायची ते डॉक्टरांनाच विचारा.

*तारीख चुकवू नका.* साधारण ४ ते ६ आठवड्यांनी बोलावलं जातं. पेरणी-काढणीच्या दिवसांत, यात्रेच्या वेळी किंवा मूल बाहेरगावी असताना तारीख पुढे जाते. तसं होणार असेल तर आधी फोन करून नवी तारीख घ्या, पण तीन-तीन महिने गायब होऊ नका. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर सुरुवातीलाच सांगावं, 'आम्ही दिवाळीनंतर चार-पाच महिने गावात नसतो.' डॉक्टर त्या हिशेबानं उपचाराची आखणी करू शकतात. मूल आजी-आजोबांकडे राहणार असेल तर फेरीला कोण घेऊन जाणार तेही ठरवा.

*रबर दिले असतील तर* सांगितलेले सगळे तास घालायचे. एक दिवस राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट रबर लावायचे नाहीत.

तार काढायच्या दिवशी एवढं करूनच घरी या

या दिवशी सगळे आनंदात असतात आणि महत्त्वाच्या सूचना कानावरून जातात. म्हणून मोठं माणूस बरोबर असलंच पाहिजे. मुलाला एकट्याला पाठवू नका.

१. रिटेनर त्याच दिवशी मिळणार की दोन दिवसांनी, ते विचारा. आठवडे-आठवडे अंतर पडू देऊ नका.
२. किती तास, किती महिने घालायचा, ते कागदावर लिहून घ्या.
३. घालायचा आणि काढायचा कसा, ते मुलानं डॉक्टरांसमोर स्वतः दोन-तीनदा करून दाखवावं.
४. मोबाइलवर दातांचे फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि तोंड उघडून वर-खालून. हे फोटो जपून ठेवा.
५. पुढच्या तपासणीची तारीख घ्या.
६. केसपेपर आणि एक्स-रे यांचेही फोटो काढून ठेवा. पुढे शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर तिथल्या डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतात.

रिटेनर तीन प्रकारचे

*१) तारेची प्लेट.* टाळूला किंवा जिभेच्या बाजूला बसणारी रंगीत प्लास्टिकची प्लेट आणि पुढच्या दातांवरून जाणारी एक तार. मजबूत असते, थोडी ढिली झाली तर डॉक्टर घट्ट करून देतात. सुरुवातीला बोलताना अडखळायला होतं. रोज दहा मिनिटं शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचलं तर काही दिवसांत उच्चार नीट होतात.

*२) पारदर्शक साचा.* दातांवर टोपीसारखा बसतो, सहज दिसत नाही. पण गरम पाण्यानं वाकडा होतो आणि झिजतो, त्यामुळे ठरावीक काळानं बदलावा लागू शकतो. तो घालून पाण्याशिवाय काहीही प्यायचं नाही. गोड पेय त्याच्यात अडकून दातांना भिडून राहतं.

*३) आतून चिकटवलेली तार.* बहुतेक वेळा खालच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक तार कायम चिकटवतात. मुलाला काही लक्षात ठेवावं लागत नाही, हा तिचा फायदा. पण तिच्याभोवती कीटण साचतं. शिवाय एखाद्या दातावरचा चिकटा सुटला तरी दुखत नाही, त्यामुळे कळत नाही आणि तेवढाच दात हळूच सरकतो. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात तोंड उघडून बघा, जिभेनं तार हलते का ते मुलाला विचारा, आणि सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या.

कोणता प्रकार द्यायचा हे आधी दात कसे होते यावर डॉक्टर ठरवतात. काही मुलांना वर प्लेट आणि खाली चिकटवलेली तार, असं दोन्ही देतात.

किती दिवस घालायचा?

साधारणपणे पहिले तीन ते सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, त्यानंतर फक्त रात्री झोपताना. तुमच्या मुलासाठी डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. रात्रीचं घालणं निदान वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे वयाची विशी येईपर्यंत तरी सोडू नये. त्यानंतरही जितकी वर्षं दात सरळ हवेत, तितकी वर्षं रात्री घालत राहणं चांगलं, असाच सल्ला आज बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्ट देतात.

ऐकायला हे फार वाटतं. पण झोपताना ब्रश करायचा आणि प्लेट घालायची, एवढंच काम आहे. एकदा सवय लागली की मुलाला त्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं. सवय लावण्यासाठी हे उपाय करून बघा:

- भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री मुलानं स्वतः खूण करायची. तुम्ही फक्त आठवड्यातून एकदा बघायचं.
- मोबाइलवर रात्री ठरावीक वेळेचा गजर लावा.
- दर महिन्याच्या १ तारखेला दातांचा एक फोटो काढा आणि तार काढली त्या दिवसाच्या फोटोशेजारी ठेवून बघा. बारीक फरकही लगेच कळतो.
- प्लेट घालताना आज घट्ट वाटली का, हे विचारत जा. घट्ट वाटणं म्हणजे दात सरकायला लागल्याची पहिली खूण.
- रागावण्यापेक्षा आठवण करून द्या. १३-१४ वर्षांचं मूल ओरडून ऐकत नाही. प्लेट लपवून 'घातली' म्हणायला मात्र शिकतं.

रिटेनर सांभाळायचा कसा?

रिटेनर तुटण्यापेक्षा हरवतात जास्त. लग्नाच्या पंगतीत मूल प्लेट काढून पत्रावळीशेजारी ठेवतं आणि ती पत्रावळीबरोबरच जाते. रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेली कपडे धुताना मोडते. उशाशी ठेवलेली कुत्रं पळवतं. कुत्र्यांना तिचा वास आवडतो.

- नियम एकच: प्लेट एकतर तोंडात, नाहीतर डबीत. तिसरी जागा नाही.
- डबीवर मुलाचं नाव आणि मोबाइल नंबर लिहा. दप्तरात एक आणि घरी एक, अशा दोन डब्या ठेवा.
- साध्या थंड पाण्याखाली मऊ ब्रशनं घासा. गरम पाणी, चुलीजवळची जागा, खिडकीतलं ऊन टाळा. पारदर्शक साच्याला पेस्ट लावू नका, ओरखडे पडतात. थोडा सौम्य साबण चालतो, पण नंतर नीट धुवा.
- विहिरीत, नदीत पोहताना आणि कबड्डी, कुस्ती खेळताना काढून डबीत ठेवा.
- तपासणीला जाताना प्लेट बरोबर न्यायला विसरू नका.

*आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी* थोडी जास्त काळजी घ्यावी लागते. चिडवतील म्हणून मुलं तिथं प्लेट घालत नाहीत. अधीक्षकांना किंवा वर्गशिक्षकांना आधी भेटून सांगा. डबीसाठी पेटीत ठरावीक जागा करा. फोनवर बोलताना अभ्यासाबरोबर प्लेटचंही विचारा. घरी सुट्टीला आल्यावर पहिल्याच दिवशी ती नीट बसते का ते बघा.

हरवला, तुटला, बसेना, तर?

*हरवला किंवा तुटला:* त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. पुढच्या महिन्याच्या बाजाराच्या दिवशी बघू, असं म्हणू नका. पहिल्या वर्षात काही दिवसांतही दात सरकू शकतात. नवीन प्लेटचा खर्च जड वाटला, तरी पुन्हा तार लावण्यापेक्षा तो कितीतरी कमी असतो. तुटलेली प्लेट फेविक्विकनं चिकटवून घालू नका.

*घट्ट वाटतो, पण बसतो:* दिवसरात्र घालायला सुरुवात करा आणि डॉक्टरांना कळवा.

*अजिबात बसत नाही:* जोर लावू नका. प्लेट घेऊन लवकरात लवकर डॉक्टरांकडे जा. फरक थोडा असेल तर नवीन साच्यानं किंवा थोड्या दिवसांच्या उपचारानं काम भागू शकतं. उशीर झाला तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

ज्या सवयीनं दात वाकडे झाले, ती सुटली का?

दात पुढे येण्यामागे कधी कधी सवय असते. सवय तशीच राहिली तर तारेचं काम ती उलटवते.

- *अंगठा चोखणं:* चार वर्षांनंतरही सुरू असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याला मिरची लावणं, चटका देणं हा उपाय नाही. त्यानं मूल भेदरतं आणि लपून चोखतं.
- *तोंडानं श्वास घेणं:* मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, सारखी सर्दी असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागची गाठ वाढलेली असू शकते.
- *गिळताना जीभ दातांमधून पुढे ढकलणं:* यासाठी जिभेचे व्यायाम शिकवतात. ते घरी रोज करून घ्यावे लागतात.
- *नखं, पेन्सिल, पेनाचं टोपण चावणं:* यानं दात सरकतात आणि चिकटवलेली तार सुटते.

हे गैरसमज सोडून द्या

*'अक्कलदाढ आली म्हणून दात पुन्हा वाकडे झाले.'* पुढचे दात दाटण्याचं मुख्य कारण अक्कलदाढ नाही, असं आजवरचा अभ्यास सांगतो. केवळ या भीतीनं अक्कलदाढ काढण्याची गरज नसते. ती किडली, सुजली किंवा अडकली तर गोष्ट वेगळी.

*'दोन दातांतली फट रबर बांधून घरीच बंद होते.'* हे अतिशय धोक्याचं आहे. दाताला बांधलेलं रबर हळूहळू हिरडीखाली सरकतं, मुळापर्यंत जातं आणि चांगले दात हलून पडतात. मोबाइलवर असे व्हिडिओ फिरतात, मुलांना आधीच सावध करा.

*'शोभेची तार कुठेही बसवून मिळते.'* बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारी तार, एका मापाची तयार प्लेट यांनी दात कुठेही सरकू शकतात. दाताचं माप घेतल्याशिवाय आणि एक्स-रे बघितल्याशिवाय केलेला उपचार म्हणजे अंधारात मारलेला दगड.

*'मुलगा आहे, त्याला दात सरळ असून काय करायचं?'* दाटीवाटीच्या दातांत घाण साचते, किडतात, हिरड्या सुजतात. फार पुढे आलेले दात पडल्यावर पटकन तुटतात. प्रश्न फक्त दिसण्याचा नाही.

या वेळी थांबू नका

- तारेचा तुकडा गिळला आणि खोकला, धाप किंवा श्वासाला त्रास सुरू झाला, तर थेट जवळच्या रुग्णालयात जा. काही त्रास नसेल तरी डॉक्टरांना फोन करून सांगा.
- तारेचं टोक गालाला टोचत असेल तर त्यावर डॉक्टरांनी दिलेलं मेण लावा. मेण नसेल तर स्वच्छ ओल्या कापसाचा छोटा बोळा तात्पुरता चालतो. झोपण्याआधी तो काढा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा. घरच्या पकडीनं तार ओढू नका.
- चेहऱ्यावर सूज, ताप, हिरडीतून पू, किंवा मार लागून दात हलत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

- तार लावण्याआधी रिटेनरच्या खर्चासह सगळा हिशेब विचारा.
- तार असताना रात्रीचा ब्रश आणि डॉक्टरांची तारीख चुकवू नका.
- तार काढल्याच्या दिवसाचे फोटो जपून ठेवा.
- रिटेनर एकतर तोंडात, नाहीतर डबीत.
- हरवला किंवा बसेना, तर त्याच दिवशी फोन करा.
- घरात दुसऱ्या मुलाचे दात तसेच असतील तर त्याला ७ वर्षांच्या वयात दाखवून घ्या.

आता ही माहिती वाचताना ज्यांच्या मुलाची तार गेल्या वर्षा-दोन वर्षांत निघाली आहे, त्यांनी आज रात्री एवढंच करावं: मुलाला प्लेट आणायला सांगावी आणि आपल्यासमोर घालून बघावी. नीट बसली तर आजपासून रोज. बसली नाही तर उद्या सकाळी दवाखान्यात फोन.